खालच्या काचेवरचा समुद्र

आमचे सर फळ्यावर पाण्यानं लिहायचे.

त्यांच्या प्रयोगशाळेत खडूला बंदी होती. खडू म्हणजे भुकटी, भुकटी उडणार, आणि उडाली की कधी ना कधी त्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर येऊन बसणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बोटाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि काळ्या फळ्यावर लिहायचं. ओल आहे तोवर अक्षर दिसायचं, वाळलं की गेलं. पोरांनी तेवढ्यात उतरवून घ्यायचं. पावसाळ्यात एक ओळ चांगली टिकायची, तेव्हा सर रमतगमत शिकवायचे. मार्च लागला की ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात उडून गेलेली असायची. एकदा त्यांनी बल्लारपूरच्या मे महिन्यात जादा तास घेतला, त्याची मी साक्षीदार आहे. दोन शब्दांच्या वर काही टिकत नव्हतं. एका मुलानं हात वर करून सांगितलं की सर, दिसून नाही राह्यलं. सर म्हणाले, मग ऐक. आणि फडकं पिळून बादलीच्या काठावर वाळत घातलं.

मी तिथं लॅब अटेंडंट होते. नव्वदीचं दशक नुकतंच लागलेलं, मी बारावी सायन्स पास, रोजंदारीवर. बस स्टँडच्या मागं आमच्या अब्बांचं काचेचं दुकान होतं. आरसे, खिडक्यांची तावदानं, आणि लक्ष्मीपासून मक्का-मदिन्यापर्यंत सगळ्या तसबिरींना फ्रेम. काच कापायला मी चौथीत असताना शिकले. कॉलेजात माझी निवड झाली ती मार्कांवर नाही. काचवाल्याची पोरगी आहे, सामान फोडणार नाही, असं प्राचार्यांनी तोंडावरच सांगितलं. नाही फोडलं मी काही. पहिल्या दिवशी सरांनी एक बीकर धुवायला दिलं, उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "ठीक." पुढं कळलं की त्यांच्या तोंडून 'ठीक' म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडून शाल-श्रीफळ.

मला ते 'बाई' म्हणायचे. मी विशीतली, ते पन्नाशीच्या पुढचे, पण काचसामान जिच्या हातात ती बाई, हा त्यांचा नियम. नियम त्यांचे पुष्कळ होते आणि कुठल्याही नियमाला त्यांनी स्वतःला वगळलं आहे असं मी पाहिलं नाही. त्यामुळं भांडायला काही सापडत नसे. मला भांडायची सवय, तर माझे फार हाल झाले.

सरांचं घर आरमोरीकडचं, धान पिकवणारं; शेताच्या बांध घातलेल्या तुकड्याला तिकडं बांधी म्हणतात. शनिवारी ते एस.टी.नं गावी जायचे, सोमवारी परत. इथं एक खोली होती, तीत एक खाट, एक स्टोव्ह आणि पुस्तकं. त्यांचा एक वर्गमित्र समुद्रकिनाऱ्यावरच्या एका मोठ्या संस्थेत शास्त्रज्ञ झालेला. तो जहाजातून दक्षिण ध्रुवाकडं जाऊन आला आणि तिथल्या समुद्राच्या तळात नळी घालून काढलेली माती घेऊन आला. नळीत मातीचे थर जसेच्या तसे येतात, वरचा नवा, खालचा जुना. प्रत्येक थरातली चिमूटभर माती इंजेक्शनच्या शिशीत भरून त्यानं सरांकडं पाठवली. अशा चाळीस शिश्या. संस्थेत भारी यंत्रं होती म्हणे, पण भिंगाला डोळा लावून वर्षानुवर्षं मोजत बसेल असा माणूस नव्हता. तसा माणूस त्याला हॉस्टेलच्या दिवसांपासून माहीत होता.

मोजायचे होते ते डायटम. शेवाळाचाच एक प्रकार, डोळ्याला दिसत नाही एवढा बारीक. पण याचं घर काचेचं असतं. कुंकवाच्या करंड्यासारखी झाकणाची डबी, आणि तिच्यावर जाळीचं कोरीवकाम. आतला जीव मरतो, डबी समुद्राच्या तळाला जाते आणि हजारो वर्षं तशीच पडून राहते. मी घरी जाऊन हे सगळं सांगितलं तेव्हा अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, काच किती एमएमची.

त्या डब्यांवरून हवामान कसं कळतं, हे सरांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. पुस्तक उघडलं नाही. म्हणाले, "धानाच्या बांधीत पाणी उभं राह्यलं का एक गवत येते. पाणी आटलं का दुसरं येते. मी उन्हाळ्यात गावी जातो, वाळलेलं गवत पाह्यतो अन् सांगतो का औंदा या बांधीत पाणी होतं का नोतं. कोणाले इचारा लागत नाई." तसंच काही डायटम बर्फाच्या पोटाशी वाढतात आणि काही मोकळ्या पाण्यात. कुठल्या थरात कोणते किती, हे मोजलं की त्या काळी समुद्रावर बर्फ किती महिने राहायचा ते कळतं. थरामागून थर मोजत वर आलं की बर्फ कसा आणि किती घटत आला तेही कळतं. जग तापतं आहे असं तेव्हा पेपरात कुठंतरी आतल्या पानावर यायचं. सर ते वाचायचे आणि पान उलटायचे. वाचून काय होते, म्हणायचे, मोजा लागते.

एका पट्टीवर चारशे डायटम मोजायचे. तीनशे नव्व्याण्णव नाहीत. चारशे झाल्याशिवाय त्या शिशीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हा नियम त्यांच्या शास्त्रात असेल, पण सरांनी तो सगळ्या संसाराला लावला होता. स्टाफरूममध्ये एकदा रेशनच्या तांदळात फार खडे येतात अशी सगळ्यांची तक्रार चालली होती. सरांनी कुणाच्या तरी पिशवीतला मूठभर तांदूळ कागदावर घेतला आणि कोपऱ्यात जाऊन चारशे दाणे मोजले. त्यात खडे तीन. परत येऊन म्हणाले, "फार नाई." दोन आठवडे कुणी त्यांच्याशी बोललं नाही. ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. नवे प्राचार्य आले तेव्हा कसे वाटतात असं कुणी विचारलं, तर म्हणाले की अजून चारशे दिवस झाले नाहीत. चारशे दिवस झाले तोवर विचारणारा विसरून गेला होता. सर विसरले नव्हते. भर मीटिंगमध्ये, प्राचार्यांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की मध्यम आहेत.

मोजायच्या टेबलाचे चार पाय त्यांनी तेलाच्या चार पिंपांत उभे केले होते आणि पिंपांत आरमोरीहून आणलेला धानाचा कोंडा ठासून भरला होता. कारण आमच्याकडं जमीन कधी स्वस्थ नसते. कोळशाच्या मालगाड्या दिवसभर, दुपारी खाणीतले स्फोट. भिंगाखाली मुंगीएवढी हालचालही भूकंपासारखी दिसते. कोंड्यानं पुष्कळ फरक पडला, पण मालगाडी ती मालगाडी. ती लांबून ऐकू आली की सर डोळा न काढता डावा हात वर करायचे, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तो हात वरच. एकदा दारात कुणी साहेब आले होते, त्यांना वाटलं हा आपल्याला नमस्कार आहे. त्यांनीही हात वर केला आणि गाडी जाईपर्यंत दोघं तसेच उभे होते.

समुद्र सरांनी पाहिलेला नव्हता. मित्रानं एकदा तीन दिवसांसाठी संस्थेत बोलावून घेतलं. परत आल्यावर मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, सर, कसा होता समुद्र? ते विचारात पडले. त्यांना बसायला दिलेल्या खोलीची खिडकी समुद्राच्या बाजूला होती म्हणे, पण दुपारनंतर भिंगावर ऊन यायचं, म्हणून पडदा लावून घेतला होता. मी म्हटलं, आणि संध्याकाळी? संध्याकाळी पट्ट्या धुवायच्या होत्या. मी कपाळाला हात लावला. एवढ्या लांब गेले आणि पडदा लावून बसले, आता बोला.

आमच्या कामाची रीत अशी होती. सर भिंगातून बघत नाव पुकारायचे, मी वहीत त्या नावाखाली रेघ मारायची. खरी नावं लॅटिन, जीभ मोडणारी, ती सर वहीच्या वर एकदा लिहून टाकायचे. पुकारताना टोपणनावं चालायची. होडी, कंगवा, चाळणी, करंजी. "होडी. होडी. कंगवा. होडी." दुपारभर हेच. बाहेरून जाणाऱ्या पोरांना वाटायचं आत कुणी रमल टाकून भविष्य सांगत आहे. एक शिशी तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजायची, मग पुढची. वर्षात पाच-सहा शिश्या व्हायच्या. मला कंटाळा यायचा आणि मी तो बोलूनही दाखवायची. सर म्हणायचे, "येते. मलेबी येते." आणि पुढचं नाव पुकारायचे.

सोळा शिश्या झाल्या आणि पट्ट्या संपल्या. नवीन मागवायच्या तर कॉलेजचं मागणीपत्रक, मग मंजुरी, म्हणजे वर्षाची निश्चिंती. सर अस्वस्थ झाले. रिकामं टेबल ओल्या फडक्यानं पुसत बसायला लागले. मला ते बघवेना. गोदामात जुन्या पट्ट्यांचे दोन डबे होते, दमट हवेनं पांढुरके, आंधळे झालेले. कुणी फेकलेही नव्हते. ते मी सरांना न सांगता पिशवीत घालून दुकानात नेले.

आंधळी काच उजळायची विद्या आमच्या घरात आहे. अब्बांकडं नागपूरहून एक पांढरी पावडर यायची, पिठापेक्षा मऊ. ती ओल्या लोकरीच्या तुकड्यावर घ्यायची, काच गोल गोल घासायची, आणि मग कोरड्या सुती कापडानं चमकवायची. पाण्यानं धुवायची नाही. आमच्याकडच्या पाण्याचे डाग पडतात, आणि आरसा धुणारा कारागीर तो कसला कारागीर. आठ दिवस रोज शाळेच्या मुलीसारखी बसून मी दोन्ही डबे घासले. शेवटी अब्बांनी एक पट्टी उचलून डोळ्यासमोर धरली आणि दुकानात बसलेल्या गिऱ्हाईकाला दाखवली, की देखो, लडकी का हात.

सोमवारी मी डबे सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी एक पट्टी काढली, खिडकीकडं धरली, पुढं-मागं केली. "काच दिसूनच नाई राह्यली," ते म्हणाले. एवढी मोठी तारीफ त्या माणसानं माझ्यादेखत कुणाचीही केली नव्हती. कुठून आणल्या, कशा केल्या, काही विचारलं नाही. कशानं पुसल्या तेही विचारलं नाही. जो माणूस खडू आत येऊ देत नव्हता, त्यानं.

सतरावी शिशी लावली आणि तिसऱ्याच दिवशी सर पुकारता पुकारता थांबले. मी वर बघितलं, तर गाडी नव्हती. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मग म्हणाले, नवीन रकाना कर. नाव काय लिहू, विचारलं. ते म्हणाले, अनारसा. गोल, जाड, जाळीदार. होड्या आणि कंगव्यांच्या गर्दीत अधूनमधून एक अनारसा. चारशेत तीस-पस्तीस निघाले. अठराव्या शिशीत निघाले, एकोणिसाव्या शिशीतही निघाले. सर पुस्तकं काढून बसले. ध्रुवाच्या पुस्तकात अनारसा नव्हता. तो सापडला वेगळ्याच पुस्तकात. उबदार समुद्रातला जीव होता तो.

बाविसाव्या शिशीपर्यंत तो निघत राहिला. म्हणजे त्या सहा थरांच्या काळात बर्फाच्या त्या समुद्रात उबदार पाणी शिरलं होतं. हे कुणालाच माहीत नव्हतं. जग आधी एकदा असं तापलं होतं आणि बर्फानं त्या वेळी काय केलं, याचा पुरावा बल्लारपूरच्या एका खोलीत, कोंड्यात उभ्या केलेल्या टेबलावर सापडला होता. सरांनी हे मला सांगितलं ते बावीस शिश्या, प्रत्येकी तीन पट्ट्या, प्रत्येकी चारशे झाल्यावरच. पण मला आधीच कळलं होतं. त्यांनी त्या महिन्यात दोनदा शर्टाची बटणं चुकीची लावली होती आणि एका मालगाडीला हात वर केला नव्हता.

मित्राला पत्र गेलं. त्याचा उलट टपाली जबाब आला, मग प्राचार्यांच्या खोलीत फोन. तीन आठवड्यांनी तिकडं परिषद आहे, तू ये, बोल, आपण लेख छापू. सरांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि त्यांच्या नावावर आजवर एकही लेख नव्हता. सरांनी तिकीट काढलं. मध्यम प्राचार्यांनीही मोठ्या मनानं सत्काराची तारीख धरली. सर मला म्हणाले की जायच्या आधी एक काम राहिलं. आपल्या एकट्याच्या डोळ्यावर भरवसा ठेवून बोलणं बरं नाही. सतराव्या शिशीची एक पट्टी तू मोज.

इतक्या वर्षांत मी भिंगात कितीदा तरी डोकावले होते, पण मोजायला बसले ती पहिल्यांदा. होडी आली, कंगवा आला, मग बाजूला काहीतरी पुसट गोल दिसलं. ते स्पष्ट करायला भिंगाची बारीक चकरी अर्धा फेरा फिरवावी लागली. अनारसा. छान दिसला, पण आता होड्या पुसट झाल्या. चकरी परत फिरवली, होड्या आल्या, अनारसा गेला. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. दहा-बारा झाल्यावर मी चकरीवरचा हात काढला.

हे कळायला शास्त्र लागत नाही, दुकान लागतं. काचेला दोन बाजू असतात. आरशावर ओरखडा दिसला की तो पुढच्या अंगाला आहे की मागच्या, हे आमच्याकडं लहान पोरगंही सांगतं. सर माती वरच्या पातळ काचेवर वाळवायचे आणि ती काच डिंकासारख्या रसानं खालच्या पट्टीवर चिकटवायचे. म्हणजे समुद्राचं जे काही आहे ते वरच्या काचेला. अनारसे होते खालच्या काचेला. आणि खालची काच मी घासली होती.

सरांचा हात इतकी वर्षं चकरीवर आपोआप फिरत असायचा, त्यांना तो अर्धा फेरा जाणवतच नसेल. मी मात्र नवखी होते.

दुकानातून चिमूटभर पावडर कागदात बांधून आणली आणि दुसऱ्या दिवशी सर वर्गावर असताना भिंगाखाली ठेवली. अनारसेच अनारसे. अख्खी पावडर त्यांचीच होती. कुठल्यातरी आटलेल्या जुन्या समुद्राच्या तळातून खणून काढलेली माती, काच पुसायला विकतात.

चार दिवस मी गप्प राहिले. हे मी आज सांगते आहे, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. मला सगळ्यांचा राग आला. अब्बांचा आला, पावडरचा आला, आणि सगळ्यात जास्त सरांचा, की मेल्यानं काच दिसूनच नाई राह्यली म्हणताना एक शब्द विचारला असता तर. नोकरी गेली तर जाऊ दे, आरसे घासून पोट भरेन. पण त्या माणसाची सगळी वर्षं माझ्या हातून वाया गेली होती आणि तो तिकडं जाऊन शंभर लोकांसमोर माझी पावडर दाखवणार होता. पाचव्या दिवशी अब्बांनी विचारलं की जेवत का नाहीस. सांगितलं. मग उठून त्यांनी पावडरच्या पोत्यातून नीट एक पुडी बांधली आणि माझ्यासमोर ठेवली. चिमूट पुरणार नाही, म्हणाले, सर मोजतील.

दुपारी स्फोट होऊन गेल्यावर मी पुडी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. सर ऐकत होते. मग त्यांनी पुडी उघडली, नव्या काचेवर थेंबभर पाण्यात चिमूट टाकली, वाळवली, भिंगाखाली घेतली आणि म्हणाले, "वही घे."

मी म्हटलं, सर, दिसतंच आहे ना. ते म्हणाले, वही घे. आणि पुकारायला लागले. अनारसा. अनारसा. अनारसा. मी रेघा मारत होते. दहाव्या अनारशाला काय ते कळलं होतं, पण चारशे झाल्याशिवाय ते थांबणार नव्हते. एकच रकाना, एकच नाव, उन्हं उतरेपर्यंत. त्या दुपारएवढी लांब दुपार मी पुन्हा पाहिली नाही. दोन गाड्या गेल्या, दोन्ही वेळा हात वर झाला. तीनशेच्या पुढं कुठंतरी मला रडू फुटलं.

"इथी नको रडू, बाई," ते भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "मीठ पडते."

चारशे झाले तेव्हा त्यांनी खुर्ची मागं सरकवली. तेच आहेत, म्हणाले. किती डबे घासले, विचारलं. मी दोन म्हटलं. म्हणजे सतरा ते बावीस सगळ्याच, त्यांनी हिशोब केला. त्या शिश्यांमधली माती संपली होती, पुन्हा लावायला काही उरलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, तुले कळलं कसं? मी अर्ध्या फेऱ्याचं सांगितलं. त्यांनी सतराव्याची पट्टी पुन्हा लावली आणि चकरी मोजून फिरवली. इकडं, तिकडं. किती वेळ तेच करत होते.

"ऊब खोटी नाई," शेवटी म्हणाले. "जागा खोटी आहे. हा समुद्रच दुसरा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन सत्कार रद्द करायला सांगितलं. हॉल ठरलेला होता, म्हणून प्राचार्यांनी त्या तारखेला क्रीडास्पर्धांची बक्षिसं वाटून घेतली. परिषदेला सर गेले. तिकीट होतं ना. तिथं त्यांना दिलेली पंधरा मिनिटं ते सहा शिश्या कशा बिघडल्या यावर बोलले, असं मित्रानं नंतर फोनवर प्राचार्यांना वैतागून सांगितलं. मित्र चांगला माणूस होता. त्याचं म्हणणं, बाकीच्या शिश्या छापू, आलेखात मधल्या जागी तुटक रेघ ओढू, सगळे तसंच करतात. सर त्याला म्हणाले, तिथून मी गेलोच नाही, तर रेघ कशी ओढू.

मला काढून टाकतील म्हणून मी वाट बघत होते. काढलं नाही. उलट भिंगाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं दिली. आतापर्यंतच्या सोळा शिश्यांच्या सगळ्या पट्ट्या, आणि पुढं तेविसापासून चाळिसापर्यंत नव्या आलेल्या पट्ट्यांवर लागतील त्या सगळ्या, आधी मी बघायच्या. एकेक डबी वरच्या काचेवर आहे की खालच्या, ते सांगायचं. मग ते मोजणार. उरलेली तीन वर्षं आम्ही सुट्टीचे दिवसही तेच केलं. मी वैतागले, भांडले, पण एकही पट्टी सोडली नाही. शेवटची शिशी त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात संपली. निरोपाच्या समारंभात सर चार वाक्यं बोलले आणि गावी गेले.

दोनेक वर्षांनी कॉलेजच्या पत्त्यावर त्यांच्या नावाचं पाकीट आलं. आत तो लेख, छापील, इंग्रजीत. त्यात आलेख होता. बर्फातल्या डायटमची रेघ जुन्या थरांकडून नव्याकडं येताना हळूहळू उतरत गेलेली. आरडाओरड करावी असं त्यात काही नव्हतं, पण उतार खरा होता. मध्ये सहा शिश्यांची जागा कोरी. आणि त्या कोऱ्या जागेखाली बारीक अक्षरात टीप. टिपेत सतरा, बावीस, पावडर, चूक, आणि माझं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी एक चूक, ती यांनी जगभर छापली. बाकी काही वाचलंच नाही मी. रजा टाकली आणि सकाळच्या बसनं निघाले. चंद्रपूर, मूल, गडचिरोली, आरमोरी, आणि तिथून ऑटो. सर बांधावर उभे होते, विजार गुडघ्यापर्यंत वर, बांधीत बाया धान रोवत होत्या. मी तिथंच सुरू झाले. तुम्हाला एवढंच सुचलं का, मी येऊन स्वतः सांगितलं नसतं तर, माझ्या अब्बांना हे कोणी वाचून दाखवलं तर. बाया रोवायच्या थांबल्या.

सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाच."

मी म्हटलं, वाचलं आहे. ते म्हणाले, मोठ्यानं वाच, मराठीत. माझं इंग्रजी काही फर्डं नाही, अडखळत एकेक शब्द लावत गेले. पहिलं वाक्य, शिशी सतरा ते बावीस यांच्या पट्ट्या लेखकानं न तपासता वापरल्या, म्हणून त्या मोजण्या रद्द धराव्यात. दुसरं वाक्य, पट्टीवरच्या पावडरची ही चूक प्रयोगशाळा परिचर श्रीमती अमुक यांनी शोधली. मी ते पुन्हा एकदा वाचलं. तिसरं वाक्य होतं. उरलेली प्रत्येक पट्टी त्यांनी पाहिलेली आहे.

"पण पावडर मी लावली होती," मी म्हटलं. "ते यात कुठंच नाही."

"ते जर्नलच्या कामाचं नाई." त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, चिखलाचा थेंब उडाला होता तो पुसला आणि परत दिला. "सहा गेल्या. पण चौतीस खऱ्या आहेत. तू सांगाच्या पह्यले मले ते नुसतं वाटत होतं. आता माहीत आहे."

आता भांडायला काही उरलं नव्हतं, पण मला दुसरं काही येत नाही. म्हणून मी त्यांच्यावर आणखी थोडा वेळ ओरडून घेतलं. ते बांधावर उभं राहून सगळं ऐकत होते.